इंग्रजी शिकताना आपली प्रगती आपणच कशी मोजावी?

मुळाकाठ (धागाकर्ता)

नोकरी-धंदा सांभाळून इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांसाठी मी संध्याकाळचे वर्ग घेतो. येणारे बहुतेक जण मराठी माध्यमातून शिकलेले असतात. व्याकरणाच्या आणि उच्चारांच्या शंका असतातच, पण वर्ग सुटल्यावर मागे थांबून विचारला जाणारा प्रश्न बहुधा वेगळा असतो : ‘माझ्यात काही सुधारणा होते आहे का?’ हा प्रश्न शिक्षकाला विचारावा लागतो, याचा अर्थ शिकणाऱ्याच्या हाती स्वतःला तपासण्याचे साधन नाही. ते प्रत्येकाला तयार करता येते. कसे, याविषयी इथल्या सभासदांशी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे आधीच मांडतो. आपली प्रगती ‘मला कसे वाटते’ यावरून ठरवू नये. आज आपण जे बोललो, जे लिहिले, जे ऐकून समजले, त्याचा नमुना जपून ठेवावा. काही महिन्यांनी तेच काम कोणाच्याही मदतीशिवाय पुन्हा करावे आणि दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहावेत. तुलना इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या सहकाऱ्याशी करू नये. ती आपल्याच जुन्या नमुन्याशी करावी.

वाटण्यावर विसंबू नये, याला कारण आहे. सुरुवातीला चुका कळतच नाहीत, त्यामुळे माणूस निर्धास्त बोलतो. कान तयार होऊ लागला की स्वतःच्या चुका बोलता बोलताच ऐकू येतात आणि नेमक्या त्याच काळात ‘माझे इंग्रजी पूर्वीपेक्षा बिघडले’ अशी तक्रार सुरू होते. काही वेळा ते दिसायला खरोखरच बिघडते. ‘ब्रॉट’ हे पाठ झालेले रूप बरोबर वापरणारा विद्यार्थी भूतकाळाचा सर्वसाधारण नियम अंगवळणी पडू लागला की मध्येच ‘ब्रिंग्ड’ म्हणू लागतो आणि पुढे पुन्हा ‘ब्रॉट’वर येतो. भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांना हे वळण चांगले परिचित आहे. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली ‘इंटरलँग्वेज’ ही संकल्पना मांडली, तिचा गाभाही हाच आहे : शिकणाऱ्याच्या अर्धवट इंग्रजीला स्वतःचे नियम असतात आणि ते नियम सतत बदलत असतात. ‘ब्रिंग्ड’ म्हणणारा विद्यार्थी मागे गेलेला नाही, त्याच्या हाती आता नियम आला आहे. हे त्याला कोणी सांगितले नाही तर तो याच टप्प्यावर वर्ग सोडून देतो आणि अशी गळती पाहताना फार वाईट वाटते.

दुसरी अडचण घाईची आहे. काउन्सिल ऑफ युरोप या संस्थेने २००१ साली ‘सीईएफआर’ ही चौकट प्रसिद्ध केली. तिच्यात भाषाक्षमतेच्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या अंदाजानुसार अगदी आरंभापासून मोजले तर बी१ पायरीपर्यंत पोहोचायला मार्गदर्शनाखालील अभ्यासाचे सुमारे ३५० ते ४०० तास लागतात आणि बी२ पर्यंत सुमारे ५०० ते ६००. म्हणजे या एका पायरीसाठी दीडशे-दोनशे तास. रोज एक तास देणाऱ्याला अर्धे वर्ष तरी लागणार आणि आठवड्याला दोनच तास देणाऱ्याला दीड-दोन वर्षे. असे असताना दर रविवारी ‘फरक पडला का’ हे पाहणे म्हणजे पेरलेले बी रोज उकरून बघणे आहे. माझ्या मते दोन मोजमापांत किमान तीन महिन्यांचे अंतर असावे.

या चौकटीची सर्वांत उपयोगी बाजू म्हणजे तिच्यातील स्वयंमूल्यमापनाचा तक्ता. त्यात ऐकणे, वाचणे, संवाद साधणे, सलग बोलणे आणि लिहिणे असे पाच वेगवेगळे स्तंभ आहेत आणि प्रत्येक चौकोनात ‘मी अमुक करू शकतो’ अशा स्वरूपाची विधाने आहेत. ‘मला इंग्रजी येते का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘ओळखीच्या विषयावर मी माझे मत देऊन त्याचे कारण थोडक्यात सांगू शकतो का?’ या प्रश्नाला मात्र हो किंवा नाही असे उत्तर देता येते. हा तक्ता भरताना माझ्या वर्गातले पदवीधर बहुधा वाचनाच्या स्तंभात बी२ पर्यंत आणि संवादाच्या स्तंभात ए२ पर्यंत पोहोचतात. दोन पायऱ्यांची ही तफावत डोळ्यांसमोर आली की पुढचे सहा महिने कशावर खर्च करायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. एक पथ्य मात्र पाळावे. प्रत्येक ‘हो’पुढे अलीकडच्या प्रसंगाची एक ओळ लिहावी : कुठे, कोणाशी, काय बोललो. प्रसंग आठवत नसेल तर तो ‘हो’ खोडावा.

आता ऐकण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे फसगत सर्वाधिक होते. खालच्या पट्ट्या वाचत मालिका पाहणाऱ्याला सगळे समजल्यासारखे वाटते. त्याऐवजी साधारण एका मिनिटाचा बातमीचा किंवा मुलाखतीचा तुकडा घ्यावा, ज्याची लिखित प्रत उपलब्ध आहे असा. तो हवा तितक्या वेळा ऐकून शब्दन् शब्द कागदावर उतरवावा आणि मगच मूळ प्रत उघडावी. समजा, बोलणारा म्हणाला, ‘ही शुड हॅव टोल्ड अस अबाउट इट.’ प्रत्यक्ष बोलण्यात ते ‘ही शुडव्ह टोल्डसबाउटिट’ असे एका दमात येते. शिकणारा लिहितो, ‘ही शुड टोल्ड अस इट.’ यातला एकही शब्द त्याला अनोळखी नव्हता. कागदावर हे वाक्य त्याने सहज वाचले असते. ‘हॅव’ निसटला आणि त्याबरोबर ‘त्याने सांगायला हवे होते, पण सांगितले नाही’ हा अर्थही निसटला. म्हणून निसटलेल्या प्रत्येक शब्दाखाली कारण लिहावे : शब्दच माहीत नव्हता, की माहीत असून कानाला ओळखू आला नाही, की दोन शब्दांमधली सीमा कळली नाही. पहिले कारण वारंवार येत असेल तर वाचन वाढवावे लागेल. उरलेल्या दोन कारणांवर शब्दसंग्रह वाढवून काही उपयोग नाही, तिथे कानच घडवावा लागतो. तीन महिन्यांनी तेवढ्याच वेगाचा नवा तुकडा घेऊन हेच करावे आणि कोणते कारण कमी झाले ते पाहावे.

लिखाणाची पद्धत सोपी आहे. एखाद्या विषयावर अर्ध्या तासात, शब्दकोश आणि चुका आपोआप दुरुस्त करणारी सोय बंद ठेवून, दीडशे-दोनशे शब्द लिहावेत, तारीख घालावी आणि वही मिटावी. तीन महिन्यांनी जुने न पाहता त्याच विषयावर पुन्हा लिहावे. त्यानंतर लाल पेन घेऊन जुना मजकूर तपासावा. तेव्हा न दिसलेल्या किती चुका आज स्वतःच्या स्वतःला दिसतात, हे प्रगतीचे फार विश्वासार्ह माप आहे. केवळ चुकांची संख्या मोजू नये. ‘इट वॉज रेनिंग. आय वॉज लेट.’ या दोन वाक्यांत एकही चूक नाही. तीन महिन्यांनी तोच माणूस ‘इफ आय वुड हॅव नोन अबाउट द रेन, आय वुड हॅव लेफ्ट अर्ली’ असे लिहितो, त्यात चूक आहे, पण न घडलेल्या गोष्टीविषयी बोलण्याचे धाडस त्याने प्रथमच केले आहे. दुसरा मजकूर पहिल्यापेक्षा पुढचा आहे, हे निःसंशय.

बोलण्याविषयी मुद्दाम लिहिलेले नाही. सभासदांचे अनुभव आले की त्या अनुषंगाने लिहीन.

उत्तररात्र

अतिशय उपयुक्त धागा. मी पुण्यात संगणक क्षेत्रात काम करतो. परदेशी ग्राहकांबरोबरच्या बैठकीत चाललेले सगळे मला समजते, परंतु माझी पाळी आली की वाक्ये अर्ध्यावर तुटतात. एका सहकाऱ्याच्या सल्ल्यावरून स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकले, तर आपला आवाज आणि आपले उच्चार यांखेरीज दुसरे काही ऐकूच आले नाही. त्या ध्वनिमुद्रणात नेमके काय ऐकायचे असते, हे कृपया सांगावे.

मुळाकाठ

उत्तररात्र, आवाज आणि उच्चारांची ढब सध्या बाजूला ठेवा. आपण कुठे थांबतो, एवढेच ऐका. अस्खलित बोलणारा माणूससुद्धा थांबतो, पण तो बहुधा एक विधान पूर्ण करून पुढचे जुळवताना थांबतो. शिकणारा माणूस विधानाच्या मध्येच, क्रियापदाच्या किंवा नामाच्या आधी अडतो. अभ्यासकांनाही हाच फरक वारंवार आढळला आहे. तेव्हा ध्वनिमुद्रणातले एक मिनिट शब्दशः लिहून काढा आणि प्रत्येक विरामाच्या जागी तिरकी रेघ मारा. ‘वी आर / अम् / डिप्लॉइंग द / द / न्यू व्हर्जन’ असे दिसले तर रेघा वाक्याच्या पोटात आहेत. काही महिन्यांनी त्या विधानांच्या शेवटाकडे सरकल्या असतील, तर विरामांची एकूण संख्या तेवढीच राहिली तरी ती प्रगतीच आहे.

सरावासाठी ४-३-२ ही पद्धत करून पाहा. एकच विषय आधी चार मिनिटांत, लगेच तीन मिनिटांत आणि मग दोन मिनिटांत बोलायचा. बोलायचे काय ते ठरलेले असल्यामुळे सगळे लक्ष वाक्यरचनेकडे वळते. मोजमापासाठी मात्र पहिली, चार मिनिटांची फेरीच जपून ठेवा, कारण बैठकीत दुसरी संधी मिळत नसते.

खडूफळा

मी निवृत्त इंग्रजी शिक्षिका आहे. धाग्यातील मांडणी मला पटली; त्यात शब्दसंग्रहाची बाजू जोडू इच्छिते.

‘रोज दहा शब्द पाठ करतो’ असे अनेक जण अभिमानाने सांगतात, पण पाठ केलेल्या शब्दांची संख्या आणि प्रत्यक्ष वाचनात उपयोगी पडणारे शब्द यांचा मेळ बसतोच असे नाही. न्यूझीलंडचे भाषाभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार कादंबरी किंवा वृत्तपत्र यांतले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत, असे वाटत असेल तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे यावी लागतात. बोलीव्यवहारासाठी सहा ते सात हजार पुरतात. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपे मिळून एक. हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण घरच्या घरी करण्याची चाचणी याच टक्केवारीतून मिळते. कोणत्याही पुस्तकाच्या पानावरचे सलग शंभर शब्द घ्यावेत आणि अडलेले शब्द मोजावेत. दोनपर्यंत अडले तर ते पुस्तक आपल्याला शब्दकोशाविना वाचता येईल. दहा अडले तर ते पुस्तक आज आपले नाही. वर्षभराने तेच पुस्तक हाती घेऊन पूर्वी न वाचलेल्या पानावरचे शंभर शब्द पाहावेत. इतके सरळ माप दुसरे मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक मराठी भाषकाने आपल्या मातृभाषेतून येणाऱ्या चुकांची स्वतंत्र यादी ठेवावी. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ असे मराठीत निर्वेध चालते, म्हणून आपण ‘आय हॅव सीन हिम येस्टर्डे’ म्हणतो. ‘पाच वर्षांपासून’ याचे ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ होते. ‘कशाविषयी तरी चर्चा’ करण्याच्या सवयीने ‘डिस्कस अबाउट’ येते. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत, त्यामुळे ती एक तर गळतात किंवा नको तिथे येतात. ‘व’ हा एकच वर्ण इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींना पुरवावा लागतो. आघाताचे तर आपल्याला भानच नसते : ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर असतो. या चुका आपोआप जात नाहीत. चांगले वाचन असलेल्या माणसांच्या बोलण्यातही त्या वर्षानुवर्षे टिकून राहतात, म्हणून दर तिमाहीला यादीतली एकच चूक निवडावी आणि तिच्यापुरताच आपला जुना आणि नवा नमुना तपासावा.

ताम्हण

सर्वांच्या कष्टांविषयी आदर आहे, परंतु माझे मत वेगळे आहे. मी कोणतेही मोजमाप न करता, केवळ आवडीने रहस्यकथा वाचत इंग्रजी शिकलो. प्रत्येक गोष्टीचा तक्ता मांडायला लागलो की त्यातला आनंद जातो आणि शिकणे म्हणजे पुन्हा शाळा होऊन बसते.

मुळाकाठ

ताम्हण, आपल्या म्हणण्यातला मोठा भाग मला मान्य आहे. आवडीने केलेल्या भरपूर वाचनाला पर्याय नाही आणि ज्याच्यापुढे मुलाखत, परीक्षा किंवा बदली नाही, त्याने खुशाल नुसते वाचावे. पण माझ्याकडे येणाऱ्या अनेकांकडे वेळ थोडा असतो, पैसे त्याहून थोडे असतात आणि आपण चाललो आहोत ती वाट बरोबर आहे की नाही, हे त्यांना वर्ष वाया जाण्याआधी कळावे लागते. वाचनाने त्यांचे वाचन सुधारते आणि बोलणे तिथेच राहते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तीन महिन्यांतून एक संध्याकाळ तपासणीला दिली तर उरलेल्या दिवसांचा आनंद कमी होत नाही.

शिरीषफूल

मी परिचारिका आहे आणि इंग्लंडमध्ये नोकरीसाठी आयईएलटीएस परीक्षेची तयारी करत आहे. तिथल्या परिचर्या परिषदेच्या अटीनुसार वाचन, श्रवण आणि संभाषण यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. माझ्या सराव चाचण्यांत श्रवणाचे गुण कधी ६.५, कधी ७, पुन्हा ६.५ असे हलत राहतात. ७ आले की दोन दिवस उत्साह वाटतो आणि ६.५ आले की सगळे सोडून द्यावेसे वाटते. यातून प्रगती होते आहे की नाही, हे कसे समजावे?

मुळाकाठ

शिरीषफूल ताई, ही चढउतार प्रगतीही नाही आणि अधोगतीही नाही. श्रवणाच्या चाचणीत ४० प्रश्न असतात आणि अर्ध्या गुणाचा फरक दोन-तीन उत्तरांवर पडतो. एखादा प्रश्न अंदाजाने बरोबर येतो, एखादी प्रश्नपत्रिका किंचित अवघड असते, ड्यूटीवरून थकून आल्यावर लक्ष उडते. एवढ्याने अर्धा गुण इकडचा तिकडे होतो. म्हणून एका चाचणीच्या गुणाकडे न पाहता लागोपाठच्या चार-पाच चाचण्यांचा मध्य पाहावा आणि त्याआधीच्या तेवढ्याच चाचण्यांच्या मध्याशी त्याची तुलना करावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे चुकलेल्या प्रश्नांचे प्रकार लिहून ठेवावेत. आकडे आणि स्पेलिंग चुकतात, की चौथ्या भागातले सलग व्याख्यान ऐकताना धागा सुटतो? पहिली चूक पंधरा दिवसांत दुरुस्त होते, दुसरीला महिने लागतात. एकदा सोडवलेली प्रश्नपत्रिका मोजमापासाठी पुन्हा वापरू नये, कारण उत्तरे लक्षात राहतात. बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या बाबतीत विषय तोच ठेवायला हरकत नसते, कारण तिथे पाठ करण्याजोगे एकच उत्तर नसते. दोन-तीन संपूर्ण प्रश्नपत्रिका न उघडता बाजूला ठेवा आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यात, परीक्षेच्याच वेळेला सोडवा.

खडूफळा

शिरीषफूल, लेखनासाठी एक सूचना. या परीक्षेत परीक्षक ज्या चार निकषांवर गुण देतात, त्यांचे वर्णन सर्वांसाठी खुले आहे : विचारलेल्याला दिलेले उत्तर, मांडणीतली सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण. चारही निकषांचे वजन सारखे असते. स्वतःच्या व्याकरणाला स्वतः गुण देणे अवघड आहे, पण पहिला निकष आपला आपल्याला नीट तपासता येतो. निबंध लिहून झाल्यावर प्रश्न पुन्हा वाचावा आणि त्यातल्या प्रत्येक भागाचे उत्तर आपल्या कोणत्या परिच्छेदात आहे, ते समासात लिहावे. माझ्या पाहण्यात गुण गमावण्याचे मोठे कारण अपुरे उत्तर हेच असते आणि विद्यार्थी मात्र अवघड शब्द शोधण्यात महिने घालवतात.

करवंद

येथील चर्चा माझ्यापेक्षा पुष्कळ पुढच्या लोकांची आहे, तरीही विचारते. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात दुसरीला आहे. तिचा अभ्यास घेता यावा म्हणून मी तिच्याबरोबर अक्षरओळखीपासून सुरुवात केली आहे. दीडशे शब्दांचा निबंध मला आज शक्य नाही. माझ्यासारखीने काय मोजावे?

मुळाकाठ

करवंद ताई, या टप्प्यावर मोजण्याजोगे सर्वांत जास्त असते, कारण बदल भरभर होतात. ए१ पायरीची अपेक्षा साधी आहे : स्वतःची ओळख करून देणे, राहतो कुठे ते सांगणे, समोरचा सावकाश बोलला तर साधे प्रश्न समजणे, छोटा अर्ज भरणे. आपल्यासाठी मी तीन कामे सुचवतो. मुलीच्या पुस्तकातले न वाचलेले एक पान मोठ्याने वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करावे. शाळेकडून येणाऱ्या सूचनांपैकी एक सूचना घेऊन ती कशाबद्दल आहे, कोणत्या तारखेची आहे आणि आपण काय करायचे आहे, हे मराठीत लिहावे व नंतर कोणाकडून तरी पडताळून घ्यावे. आणि मुलीविषयी पाच वाक्ये, जशी जमतील तशी, इंग्रजीत लिहावीत. आपल्या बाबतीत तीन महिने थांबण्याची गरज नाही, दीड महिना पुरे आहे.

पालकसभेत शिक्षिकेला एखादा प्रश्न इंग्रजीत विचारायचा असेल तर तो आधी लिहून ठेवावा आणि सभेनंतर त्याखाली लिहावे की प्रश्न विचारला का, उत्तर समजले का आणि न समजलेले पुन्हा विचारले का. ‘कृपया पुन्हा सांगाल का?’ हे इंग्रजीत विचारता येणे, हेही आरंभीच्या पायरीवरचे एक महत्त्वाचे कौशल्य मानावे.

करवंद

मनापासून आभार. सूचनेचे काम आजच करून पाहिले. तारीख आणि सहलीचे ठिकाण बरोबर कळले, परंतु पैसे मुलीबरोबर पाठवायचे की कार्यालयात भरायचे, हे कळले नाही. तो कागद तारीख घालून ठेवून दिला आहे. पाच वाक्ये रविवारी लिहीन आणि इथे टाकीन. खडूफळा ताईंनी ती तपासावीत, अशी विनंती आहे.

खडूफळा

अवश्य टाका. फक्त एक करा : मी दुरुस्त केलेली प्रत वेगळ्या कागदावर उतरवून घ्या आणि तुमची मूळ पाच वाक्ये आहेत तशीच, एकही अक्षर न बदलता, वहीत राहू द्या.